निव्वळ वजन

ऑक्टोबर ते जानेवारी काटा थांबत नाही.
कुयावीच्या सपाट रानांतून बीट येतात,
ट्रकमागून ट्रक, चिखलाने माखलेले,
आणि मी काचेमागे बसून लिहिते:
भरलेला, रिकामा, वजाबाकी.
अकरा वर्षं. आकडा एकदाही चुकला नाही.

म्हणजे, महिन्यातले एकोणीस-वीस दिवस मी अशी असते.
मग एका सकाळी जाग येते
आणि रात्रीतून कुणीतरी
माझ्या आतलं सगळं सामान हलवलेलं असतं.
कपात चमचा वाजला तरी कवटीत वाजतो.
झ्दिस्वावने ट्रकमधून एवढंच विचारलं,
"काय मिरेला, झोप नाही झाली?"
मी खिडकी अशी आपटली की काच तडकली.
तिच्यावर अजून चिकटपट्टी आहे.

घरी साखरेचं भांडं भिंतीवर.
टिमेक, वय वर्षं सहा,
न सांगता केरसुणी घेऊन आला.
हे अजून गळ्यात अडकतं.

आणि एकदा, शिफ्ट संपल्यावर,
कारखान्यामागच्या चुन्याच्या तळ्याशी
गाडी बंद करून
मी नको इतका वेळ पाण्याकडे बघत बसले.
दोन दिवसांनी पाळी आली, मला भूक लागली,
अंडी तळली, रेडिओ लावला.
तळ्याकाठची बाई कोण होती
ते मला सांगता येईना.

आई म्हणाली, बाईच्या जातीला हे असायचंच.
पहिला डॉक्टर म्हणाला, मॅग्नेशियम घ्या.
दुसरा म्हणाला, अजून एक मूल होऊ द्या.
रक्त तीनदा तपासलं. नॉर्मल.
हा शब्द मला शिवीसारखा लागायचा.

इनोव्रोत्सवावच्या डॉक्टर व्येझ्बिट्स्का
खूप वेळ ऐकत राहिल्या, मग दोन कोरे तक्ते दिले.
रोज रात्री आकडा टाकायचा, एक ते सहा.
राग. रडू. झोप. स्तनांचा ठणका. जगण्याचा कंटाळा.
त्याच दिवशी, मागाहून आठवून नाही.
"तुम्ही तर काट्यावर बसता,
तुम्हाला मी काय शिकवणार."

दोन महिन्यांनी त्यांनी दोन्ही कागद
एकावर एक धरले आणि खिडकीच्या काचेला लावले.
बाहेर फेब्रुवारी, बर्फाचा पांढरा उजेड.
टेकडीवर टेकडी बसली.
पाळीआधीचे नऊ दिवस,
आणि पुढे सगळं सपाट, आमच्या रानांसारखं.
मी रडले.
तो सहावा दिवस होता, रडण्याचा नव्हताच.

"हार्मोन्स ठीक आहेत," त्या म्हणाल्या,
"सगळ्याजणींत चढतात-उतरतात तेवढेच.
तुमच्या मेंदूला ती चढउतार सोसत नाही.
माल तोच. काटा हळवा."
कारखान्यात आम्ही हळव्या काट्याला
चांगला काटा म्हणतो.
मी बोलले नाही. पण कोट घालताना आठवलं.

मग दारातून परत फिरून तळ्याचंही सांगितलं.
त्यांनी मला पुन्हा बसवलं.
तक्त्याच्या कोपऱ्यात स्वतःचा फोन नंबर लिहिला,
खाली दोन रेघा ओढल्या.

गोळी छोटी, पांढरी.
चौदाव्या दिवसापासून पाळी येईपर्यंत.
वाटलं, गुण यायला आठवडे लागतील;
चौथ्या दिवशी चमचा फक्त चमचा होता.
मळमळ होते. जांभया येतात, बैलाएवढ्या.
एप्रिल वाईट गेला, डोस वाढवावा लागला.
भांडं नवीन आणलंय, पत्र्याचं.
इतका विश्वास अजून नाही.

वितोल्दला आता सगळं समजलंय.
जरा आवाज चढला की विचारतो, "गोळी घेतलीस?"
काल तो टिमेकला शाळेतून आणायला विसरला.
या महिन्यात चौथ्यांदा.
पोरगं फाटकाशी उभं, दप्तर पोटाशी धरून.
कॅलेंडरवर आठवा दिवस.

मी त्याला खुर्चीत बसवलं.
म्हटलं, चिखल काढ, दगड काढ, पाला काढ,
माझा आजारही काढ,
आणि मग उरतं ना जे,
ते उचलून बघ.